काटा खाली गेल्यानंतर

वजन उतरवलेली चार-पाच माणसे तरी प्रत्येकाच्या ओळखीत असतात. लग्न ठरले म्हणून, डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट पुढे सरकवला म्हणून, नाहीतर ऑफिसात पैज लागली म्हणून त्यांनी आठ-दहा किलो घालवलेले असतात. घालवलेले वजन पाच वर्षांनंतरही परत आलेले नाही अशी माणसे आठवायला बसले, की मात्र वेळ लागतो. स्थूलतेच्या संशोधनातला गेल्या साठ-सत्तर वर्षांचा वाद या फरकाभोवतीच फिरतो आहे. वजन कमी कसे करावे याला उत्तरे भरपूर आहेत. ते पुन्हा चढू नये यासाठी रोजच्या सवयी बदलाव्या लागतात, यावरही वरवर एकमत आहे. पण कोणत्या सवयी, कोणी बदलायच्या आणि बदलून पदरात नेमके किती पडते, असे विचारले की वाटा फुटतात.

पथ्याकडून सवयीकडे

१८६३ साली लंडनच्या विल्यम बँटिंग या गृहस्थाने स्वतःच्या लठ्ठपणावर एक पुस्तिका काढली. मयताची व्यवस्था पाहणे हा त्याचा व्यवसाय. पाव, साखर, बटाटा आणि बीअर सोडून आपण कसे हलके झालो, हे त्याने लिहिले आणि ते इतके खपले की इंग्रजीत त्याच्या आडनावाचे क्रियापद झाले. स्वीडिश भाषेत वजन कमी करण्याला आजही ‘बांता’ म्हणतात. पुढची शंभर वर्षे विचार याच चाकोरीत राहिला: काय सोडायचे ते सांगा, माणूस ते सोडेल.

१९५९ मध्ये आल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने या समजुतीला धक्का दिला. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लठ्ठपणासाठी आलेल्या शंभर रुग्णांचे पुढे काय झाले, हे त्याने सहकाऱ्याबरोबर तपासले. २० पौंड, म्हणजे सुमारे ९ किलो, उतरवणारे १२ निघाले. दोन वर्षांनी ते टिकवणारे फक्त दोन. ‘पंचाण्णव टक्के डाएट फसतात’ हे वाक्य आपण जिथेतिथे ऐकतो, त्याचे मूळ बरेचसे इथे आहे. या रुग्णांच्या हातात आहाराचा एक कागद देऊन त्यांना घरी पाठवले होते, पाठपुरावा जवळपास नव्हता, हा तपशील मात्र वाक्याबरोबर प्रवास करत नाही.

१९६७ मध्ये रिचर्ड स्टुअर्टने उलट्या बाजूने सुरुवात केली. काय खाता यापेक्षा कसे, कुठे आणि कधी खाता, याकडे त्याने लक्ष वळवले. घरात एकाच जागी बसून खायचे, खाताना दुसरे काही करायचे नाही, दोन घासांमध्ये हातातला चमचा खाली ठेवायचा, खाल्लेले लिहून काढायचे. वर्षभरात त्याच्या आठ रुग्णांचे वजन सुमारे १२ ते २१ किलोंनी उतरले. आठ ही काही संख्या नव्हे, पण आज कोणत्याही जीवनशैली-वर्गात जे शिकवले जाते त्याचा आराखडा इथे तयार झाला.

सात टक्क्यांची किंमत

सवयींच्या बाजूचा भक्कम पुरावा यायला २००२ उजाडले. अमेरिकेच्या मधुमेह प्रतिबंध चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ३,२३४ लोक होते. जीवनशैली गटाला दोनच उद्दिष्टे दिली होती: वजन ७ टक्क्यांनी कमी करा आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करा. ८० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. जाहिरातीतल्या ‘आधी-नंतर’ फोटोंच्या हिशेबात हे काहीच नाही. तरी या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटले. पुढे वजन बरेचसे परत आले, पण दहा वर्षांनंतरही मधुमेहातली घट ३४ टक्के टिकून होती.

‘लुक अहेड’ ही दुसरी मोठी चाचणी मधुमेह झालेल्या ५,१४५ लोकांवर झाली. पहिल्या वर्षी सवयी बदलणाऱ्या गटाचे वजन सरासरी ८.६ टक्क्यांनी उतरले. आठव्या वर्षीही या गटातल्या निम्म्या लोकांनी ५ टक्के किंवा त्याहून जास्त घट राखली होती. स्टंकार्डच्या शंभरातल्या दोघांशी तुलना केली तर हे मोठेच यश. पण चाचणी हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू कमी होतात का हे पाहण्यासाठी होती, आणि त्या बाबतीत दोन गटांत फरक दिसेना म्हणून २०१२ मध्ये ती थांबवण्यात आली. सवयवादी म्हणतात, निम्मे लोक आठ वर्षे टिकले हे बघा. शंकेखोर म्हणतात, इतकी मेहनत, इतके समुपदेशक, इतका खर्च, आणि हृदय होते तिथेच. दोन्ही वाक्ये खरी आहेत, म्हणून हा वाद मिटत नाही.

टिकवणारे वेगळे काय करतात, हे शोधायला रीना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये एक नोंदवही उघडली. किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर राखले असेल तरच नाव नोंदवायचे. तिच्यातले बहुसंख्य लोक नाश्ता चुकवत नाहीत, आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात, टीव्ही कमी पाहतात आणि रोज साधारण तासभर व्यायाम करतात. यातून लगेच नियम काढायचा मोह होतो. अडचण अशी की ही फक्त जिंकलेल्यांची यादी आहे. नाश्ता करून, काट्यावर उभे राहून, तासभर चालूनही ज्यांचे वजन परत आले, त्यांची नोंदवही कुणी उघडलेली नाही.

शरीराचा हट्ट

दुसरा पक्ष म्हणतो, हा सवयींचा प्रश्न आहे असे समजणेच अर्धवट आहे. शरीर गेलेले वजन परत मागते. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांत वजन उतरवलेल्या लोकांची भूक वाढवणारी आणि शमवणारी संप्रेरके वर्षभरानंतरही पूर्वपदावर आलेली नव्हती. शरीर बारा महिने ‘खा’ म्हणत होते. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूजर’ या टीव्ही स्पर्धेच्या १४ स्पर्धकांना केव्हिन हॉल यांनी सहा वर्षांनी तपासले (२०१६). सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते, आणि विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. यावर आक्षेप आहेच: दिवसचे दिवस घाम गाळून टीव्हीसमोर उतरवलेले वजन आणि दोन वर्षांत हळूहळू उतरलेले वजन एकाच मापाने कसे मोजायचे?

हॉल यांचे दुसरे काम कमी गाजले, पण रोजच्या उपयोगाचे आहे. ३,५०० कॅलरी कमी खाल्ल्या की एक पौंड उतरतो, असा एक जुना ठोकताळा होता. आता चहाचा हिशेब करू. दिवसाला चार कप, प्रत्येक कपात एक चमचा साखर कमी. म्हणजे २० ग्रॅम साखर, ८० कॅलरी. जुन्या ठोकताळ्याने वर्षाला पावणेचार किलो, दहा वर्षांत ३८ किलो. पुढे माणूसच शिल्लक राहायचा नाही. २०११ मध्ये हॉल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की वजन उतरते तशी शरीराची गरजही उतरते आणि काटा नव्या जागी स्थिरावतो. त्यांच्या मांडणीप्रमाणे या साखरेने एकूण साधारण सव्वातीन किलो जातील, त्यातले निम्मे पहिल्या वर्षी, बाकीचे पुढच्या दोन-तीन वर्षांत. आणि ते चार चमचे परत आले की हे किलोही हळूहळू परत येतील. जीवशास्त्रवाले आणि सवयवादी जिथे भेटतात ती जागा मला वाटते हीच: बदल लहान असला तरी चालेल, पण तो संपवता येत नाही.

व्यायामाचे थोडक्यात. नुसत्या व्यायामाने वजन फारसे उतरत नाही, टिकवायला मात्र त्याची मदत होते, याकडे बहुतेक पुरावा झुकतो. पुण्यात कुठल्याही टेकडीच्या पायथ्याशी सकाळी साडेसातला हे उघड्या डोळ्यांनी दिसते. चाळीस मिनिटे चालून सत्तर किलोच्या माणसाने दीडशे-एक कॅलरी जाळलेल्या असतात; त्या अमृततुल्यातला एक क्रीमरोल आणि कटिंग व्याजासकट परत करतात. त्या घोळक्याचा रक्तदाब, झोप आणि मूड सुधारत असणार, हे नाकारायचे कारण नाही.

दोनदा की दर दोन तासांनी

महाराष्ट्रात ही चर्चा पोहोचली ती मात्र वेळापत्रकाच्या रूपाने. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीचा धागा पुढे नेत सांगितले: कडकडून भूक लागेल अशा दोनच वेळा ओळखा, दोनदाच जेवा, आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत आटपा. मधल्या वेळेत काही नाही, कारण प्रत्येक खाण्यामागे इन्सुलिन स्रवते. उलट ऋजुता दिवेकर यांचा सल्ला होता थोडे-थोडे, साधारण दर दोन तासांनी खाण्याचा. तूप, भात, केळे, आपल्या मातीतले जे असेल ते न घाबरता खाण्याचा. २०१८ च्या आसपास घराघरांत यावरून दोन तट पडले होते. सासू दीक्षितांची आणि सून दिवेकरांची, असे एकाच डायनिंग टेबलावरचे दृश्यही पाहिले आहे.

हे दोन सल्ले एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे वाटले, तरी दोन्हींत एक गोष्ट सामाईक होती. येताजाता तोंडात टाकायचे फरसाण, ऑफिसातला चारचा समोसा, टीव्हीसमोरचा चिवडा यांना दोन्हीकडे जागा नव्हती; म्हणजे वेळापत्रक कोणतेही असो, एकूण खाणे कमी होत होते. चीनमधल्या ग्वांगझूत १३९ लोकांवर वर्षभर झालेली चाचणी (२०२२) याला पुष्टी देते. दोन्ही गटांनी कॅलरी सारख्याच कमी केल्या. एकाने सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्यातच खाल्ले, दुसऱ्याला वेळेचे बंधन नव्हते. एकाचे ८ किलो उतरले, दुसऱ्याचे ६.३, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. ‘काय खावे’ या वादाचीही तीच गत. २०१८ च्या अमेरिकी चाचणीत ६०९ लोकांपैकी निम्म्यांनी स्निग्ध पदार्थ कमी केले, निम्म्यांनी पिष्टमय. वर्षानंतर ५.३ आणि ६ किलो. गटांच्या सरासरीत फरक नव्हता, पण प्रत्येक गटात काहींचे वीस किलोंहून अधिक उतरले आणि काहींचे चढले. कुणाला काय लागू पडेल हे आधी ओळखता येते का, याचे उत्तर त्या चाचणीने जनुके आणि इन्सुलिन तपासून शोधले. सापडले नाही.

आपल्याकडच्या उपवासांचा या चर्चेत आदराने उल्लेख होतो. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे कूट, बटाट्याचा कीस आणि वर वाटीभर दही समोर असताना हा उल्लेख जपून करावा. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही आहारतज्ज्ञांनी बनवलेली नाही.

सवय कोणाची?

एकवीस दिवसांत सवय लागते, असे वर्गांतून छातीठोकपणे सांगतात. हा आकडा १९६० च्या मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या पुस्तकातून आला. नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला एवढे दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी प्रत्यक्ष मोजले तेव्हा मधला आकडा ६६ दिवस निघाला, पण कुणाला १८ पुरले तर कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. पाणी पिण्याची सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. छोटी ताटली घेतली की कमी खाल्ले जाते, हा सल्ला जगभर पोचवणाऱ्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ब्रायन वॉनसिंक यांचे डझनाहून अधिक शोधनिबंध पुढे मागे घ्यावे लागले. म्हणून छोट्या ताटल्या फेकून द्यायला नकोत, पण त्यांच्यावर फार भार टाकू नये.

आमच्या घरी मी तेलाच्या पाच लिटरच्या डब्यावर स्केचपेनने उघडल्याची तारीख टाकायला लागलो. चार माणसे, महिन्याला चार लिटर असा हिशेब निघाला. माणशी दिवसाला ३० ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तेल दहा टक्के कमी करायला सांगितले होते, आमच्या घरात त्याचे माणशी २७ कॅलरी होतात, हॉलच्या गणिताने कालांतराने किलोभर वजन. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढचा डबाही तेवढ्याच दिवसांत संपला. आमच्याकडे फोडणी पडते ती स्वयंपाकाच्या मावशींच्या हातून, आणि तेलाच्या भांड्यात पळी होती. मावशींनी पळीच्या जागी चमचा ठेवला आणि डबा सहा दिवस जास्त पुरला. घरातल्या चौघांपैकी कुणाचीच कसली सवय बदलली नव्हती.

तिसऱ्या, परिस्थितीवादी पक्षाचे म्हणणे थोडक्यात हेच आहे. २०१९ मध्ये हॉल यांनी वीस जणांना रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनलेले अतिप्रक्रिया केलेले अन्न दिले आणि दोन आठवडे साधे. समोर ठेवलेल्या अन्नातली साखर, मेद, तंतू, कॅलरी सारख्याच होत्या. खायचे तेवढे खा, म्हटल्यावर पहिल्या अन्नावर लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. तेव्हा माणसाला शिकवण्याआधी दुकान बदला, असे हा पक्ष म्हणतो. चिलीने २०१६ पासून पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले, मेक्सिकोने २०१४ पासून गोड पेयांवर कर बसवला. केरळने २०१६ मध्ये बर्गर-पिझ्झावर १४.५ टक्के कर लावला, पण वर्षभरात जीएसटीत तो विरून गेला. भारतात पाकिटावर तारे द्यायचे की इशारा, यावरच वर्षानुवर्षे घोळ चालला आहे. विरोधकांचा मुद्दाही ऐकण्यासारखा आहे: आपल्याकडचे बरेचसे तळण, गोडधोड आणि जाडजूड भाताचा ढीग पाकिटात येतच नाही. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवर अष्टकोन कुठे चिकटवणार?

सवयींचा सल्ला वेळेची मालकी गृहीत धरतो, हेही इथेच नोंदवायला हवे. संध्याकाळी सातला जेवा, हे कल्याणहून लोकलने मुंबईला नोकरीला जाणाऱ्या बाईला सांगून उपयोग नाही. ती सातला फलाटावर असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पोटाचा घेर जास्त असलेल्या स्त्रिया ४० टक्के निघाल्या, पुरुष १२ टक्के. मर्यादा दोघांसाठी वेगळ्या आहेत हे धरूनही अंतर मोठे आहे. आहाराची बहुतेक पुस्तके याच बाईला घरच्यांचा डबा सुधारायला सांगतात.

मोजायचे काय?

या आढाव्यातला सर्वांत कुतूहलाचा पुरावा आपल्या देशातला आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी अमेरिकी चाचणीसारखीच ५३१ लोकांवर चाचणी घेतली (२००६). तीन वर्षांत नेहमीच्या सल्ल्यावरच्या गटात ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, सवयी बदललेल्या गटात ३९ टक्क्यांना. फायदा मोठा होता. पण या गटाचे वजन म्हणावे तसे उतरलेच नव्हते. आहार बदलला, चालणे वाढले, मधुमेह टळला, आणि काटा जवळपास जागेवर. काट्याकडे पाहून निराश झालेला माणूस हा कार्यक्रम तिसऱ्या महिन्यात सोडून देईल.

याच्या शेजारी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा तो प्रसिद्ध फोटो ठेवावा. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या फोटोत याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या शरीरात किती चरबी दडलेली असते, हे त्या एका चित्राने जगाला कळले. म्हणून भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर आणि कंबरेची पुरुषांसाठी ९०, स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटरवर आणली गेली. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्याच आयोगाने नुसत्या बीएमआयवर स्थूलतेचे निदान करू नये, अवयवांवर परिणाम झाला आहे का ते पाहावे, असे सुचवले. यावर दोन मते आहेत. काहींना ही सुटका वाटते. काहींना भीती वाटते की अजून आजार दिसत नाही म्हणून लोक निवांत बसतील. दवाखान्यात टेप सहसा शोधावी लागते, काटा मात्र दारातच असतो.

इंजेक्शन आल्यावर

२०२१ मध्ये सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनच्या चाचणीत १,९६१ लोकांपैकी औषध घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरले. नुसता आहार-व्यायामाचा सल्ला आणि खोटे इंजेक्शन मिळालेल्यांचे २.४ टक्के. भारतात मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही अशी इंजेक्शने बाजारात आली, आणि सवयींची गरजच काय, असा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. उत्तराचा एक भाग त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात आहे: औषध थांबल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. म्हणजे औषध आयुष्यभर घ्यायचे, की औषधाच्या आडोशाने सवयी लावून घेऊन मग ते सोडायचे?

कोपनहेगनमध्ये १९५ लोकांवर झालेली एक चाचणी या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाते. आठ आठवड्यांत सरासरी १३ किलो उतरवल्यावर त्यांचे गट पाडले: काहींना देखरेखीखालचा व्यायाम, काहींना लिराग्लुटाइड हे आधीच्या पिढीतले औषध, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. वर्षभर हे चालले, मग सगळेच थांबवले. आणखी वर्षभराने पाहिले तर फक्त औषधावर असलेल्यांचे वजन बरेच परत आले होते. व्यायाम केलेल्यांनी, औषधासोबत केला असो वा नसो, जास्त राखले होते. सवयवाद्यांना हवा होता तसा निकाल. मात्र उपचार पूर्ण केलेल्या १६६ लोकांपैकी त्या शेवटच्या वजनाला हजर राहिले १०९. वजन वाढलेली माणसे काट्यावर उभे राहणे सहसा टाळतात, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि न आलेले ५७ जण व्यायामवाले जास्त होते की औषधवाले, यावर बरेच अवलंबून आहे.